काजळीचा आकडा

पाढेमास्तरांना घोड्यावर बसता येत नव्हतं. घोड्याच्या मागून जायचं नाही आणि पुढून जाताना हात खिशात ठेवायचे, एवढीच त्यांची त्या जनावराशी ओळख. तरीही त्या रेसकोर्सवर कुठलं घोडं किती वेगाचं, हे ठरवायचं काम त्यांच्याकडं होतं. वीस वर्षं शाळेत गणित शिकवून झाल्यावर ते रेसकोर्सच्या कचेरीत चिकटले होते. स्टँडच्या खालच्या अंगाला, जिन्याखाली, त्यांची एक खोली होती. तिथं एक टेबल, एक पंखा, तीन कपाटं आणि भिंतीला टेकवून ठेवलेली निकालांची बाडं. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून तो कधी लावतच नसत. नाव त्यांचं वेगळंच होतं, पण शिपायापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना पाढेमास्तर म्हणत आणि त्यांनाही आता तेच आपलं नाव वाटायचं.

काम ऐकायला सोपं होतं. हजार मीटर पळालेलं घोडं आणि चोवीसशे मीटर पळालेलं घोडं, यांत वेगवान कुठलं? मीटर भागिले सेकंद करावं, तर हजारवालं दर सेकंदाला सतरा मीटर जातं आणि चोवीसशेवालं सोळाही भरत नाही. म्हणून काय चोवीसशेवालं मंद म्हणायचं?

एकदा जेवताना मास्तर हे आपल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, समजावत होते. मास्तर एकटे होते आणि रोज संध्याकाळी तबेल्यामागच्या चाळीत अक्काकडंच जेवत.

"त्यात काय एवढं?" अक्का म्हणाली. "तू कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन येतोस आणि मी दोन बादल्या घेऊन चार मजले चढते. मग चपळ कोण?"

"तेच तर, अक्का! त्याचंच कोष्टक केलंय मी."

त्या कोष्टकात प्रत्येक अंतराला साधारण जिंकणारं घोडं जेवढा वेळ घेतं, त्या वेळेला ऐंशी गुण होते. त्याहून सेकंदाचा पाचवा हिस्सा लवकर आलं, तर हजार मीटरला तीन गुण जादा, अठराशेला दीड, चोवीसशेला एक. उशीर झाला तर तेवढेच वजा. म्हणजे कुठल्याही अंतराच्या शर्यतीतलं कुठलंही घोडं एकाच फूटपट्टीवर आणून उभं करता येत होतं. हे कोष्टक करायला मास्तरांना सहा वर्षं लागली. गेल्या दोन वर्षांपासून क्लब ते आकडे दर महिन्याच्या पुस्तिकेत छापायला लागला होता आणि मालक लोक ती पुस्तिका खिशात घालून हिंडत होते.

अक्काचा नवरा, म्हणजे मास्तरांचे भाऊजी, तबेल्यात सईस होते. तीस वर्षं घोड्यांना खरारा करून त्यांचे खांदे एका बाजूला झुकले होते. त्यांनी आकड्यांत कधी डोकं घातलं नाही. "मास्तर, तुझं कागदावरचं घोडं चंदी खात नाही ना, म्हणून तुला ते सोपं वाटतं," एवढंच ते म्हणत आणि स्वतःच हसत.

त्या वर्षी भाऊजींच्या हाताखाली काजळी होती. घोडीचं छापील नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते फक्त पुस्तिकेत. डोळ्यांच्या भोवती काळ्या कडा असल्यामुळं भाऊजींनी तिला काजळी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळा तबेला तेच म्हणू लागला. घोडी अंगानं लहान, छातीनं रुंद, गेट उघडलं की बंदुकीतून सुटल्यासारखी निघायची. हजार मीटरला तिनं शहाऐंशी गुण मिळवले, बाराशेला चौऱ्याऐंशी.

"हजार-बाराशेची घोडी आहे," भाऊजी सांगत. "त्यापुढं तिचा जीव नाही. बाराशेला पण शेवटी मान वर करते, बघितलंस ना?"

मग एका आठवड्यात बाराशेच्या शर्यतीला पुरेशी घोडी आली नाहीत, ती शर्यत रद्द झाली आणि ट्रेनरनं घोडी नुसती उभी राहू नये म्हणून तिचं नाव त्या मोसमातल्या अठराशेच्या पहिल्याच, किरकोळ शर्यतीत घातलं. समोर सगळी रडतराऊत होती. काजळी दोन लांब्यांनी, म्हणजे दोन घोड्यांच्या अंगाएवढ्या अंतरानं, जिंकली. मास्तरांनी वेळ बघितली, परत बघितली. साधारण जिंकणाऱ्याहून एक सेकंद आणि वर तीन पंचमांश कमी. म्हणजे पंचमांश आठ, गुण बारा. एकूण ब्याण्णव.

शहाऐंशी, चौऱ्याऐंशी आणि अठराशेला ब्याण्णव! अंतर वाढेल तशी उजळणारी घोडी, आणि सईसाच्या तीस वर्षांच्या नजरेला जे दिसलं नाही ते आपल्या कोष्टकानं दाखवलं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी भाऊजींना तसं बोलूनही दाखवलं.

भाऊजींनी घास चघळत त्यांच्याकडं पाहिलं. "जिंकल्यावर अर्धा तास धापत होती ती," ते म्हणाले. "मी तिला फिरवत होतो. पण तू म्हणतोस तर असेल."

पुस्तिका छापून आली. चौथ्या दिवशी काजळीचे मालक जिन्याखालच्या खोलीत हजर. त्यांचा फरशांचा कारखाना होता, त्यामुळं रेसकोर्सवर ते फरशीवाले. गडगडाटी आवाजाचा, मोकळा माणूस. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मास्तर, तुम्ही माझे डोळे उघडलेत! हे ट्रेनर लोक मला वर्षभर सांगताहेत, छोट्या अंतराची घोडी, छोट्या अंतराची घोडी. आणि घरात हिरा! आता बघाच, मोसमाची मोठी शर्यत. चोवीसशे. नाव घालून आलोय."

मास्तरांना त्या क्षणी आनंद झाला होता. हे त्यांनी पुढं स्वतःपासून कधी लपवलं नाही.

शंका आली ती तीन आठवड्यांनी, आणि तीही एका म्हाताऱ्या घोड्यामुळं. अठराशेची आणखी एक शर्यत झाली. तिच्यात नऊ वर्षांचं एक खच्ची केलेलं घोडं शेवटून दुसरं आलं. त्या घोड्याला मास्तर नावानिशी ओळखत, कारण त्याचा आकडा कधी साठाच्या वर गेला नव्हता. आज तो एकाहत्तर निघाला. मास्तरांनी बेरीज तपासली. मग बाकीच्यांचे आकडे बघितले. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळीच घोडी दहा-बारा गुणांनी सुधारलेली. त्यांनी कपाटातून काजळीच्या शर्यतीचा कागद काढला. तिथंही तेच. तिच्या मागं आलेली ती रडतराऊत घोडीसुद्धा एकाएकी शहाणी झाली होती. त्या दिवशी मास्तरांची नजर फक्त पहिल्या ओळीवर होती. खालच्या ओळी त्यांनी हिशेबानं भरल्या होत्या, वाचल्या नव्हत्या.

घड्याळं तपासली, ती बरोबर होती. मग उरलं एकच. भर दुपारी, कोर्सवर चिटपाखरू नसताना, मास्तर गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडं गेले. तो सावलीत पाय पसरून बसला होता.

"अठराशेचं गेट कुठं लावता हो तुम्ही?"

"खुंटीवर. तिथं लाल खुंटी आहे ना."

"ती खुंटी हलवली होती का कधी?"

"हां, मोसमाच्या आधी. खाली नळ फुटला होता, ही एवढी दलदल. गेट रुतायला लागलं म्हणून थोडं पुढं ओढलं आणि खुंटी तिथं ठोकली. मग नळ दुरुस्त झाला, पण कोणी म्हटलंच नाही मागं घ्या म्हणून." त्यानं मास्तरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "का? काही बिघडलं का?"

मास्तरांनी गोदामातून मोजणीचं चाक आणलं आणि रेलिंगला धरून, डोक्यावर रुमाल टाकून, त्या खुंटीपासून शेवटच्या खांबापर्यंत चालत गेले. सतराशे चौऱ्याहत्तर. परत गेले, पुन्हा मोजलं. सतराशे चौऱ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीची सगळी अंतरं मोजली, चोवीसशेसुद्धा. ती तंतोतंत होती. फक्त अठराशे सव्वीस मीटरनी तोकडं होतं. सव्वीस मीटर जायला घोड्याला एक सेकंद आणि वर तीन पंचमांश लागतात. जेवढं काजळीनं वाचवलं होतं, बरोबर तेवढंच.

म्हणजे तिचा खरा आकडा ऐंशी. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी, ऐंशी. अंतर वाढेल तशी उतरत जाणारी, भाऊजींनी सांगितली होती तशीच घोडी. आणि ती नऊ दिवसांनी चोवीसशे पळणार होती.

मास्तर तसेच घामेजल्या सदऱ्यानं सेक्रेटरीसाहेबांकडं गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उठून दार लावलं.

"मास्तर, तुमचं मोजमाप चुकलं असेल असं मी म्हणत नाही. पण मला सांगा, त्या शर्यतीत सगळी घोडी तेवढंच अंतर पळाली ना?"

"हो, साहेब."

"मग निकाल बदलतो का?"

"निकाल नाही बदलत. आकडे बदलतात."

"आकडे तुमचे आहेत. क्लब फक्त छापतो." साहेबांनी आवाज उतरवला. "आता मी दुरुस्ती छापली, तर लोक विचारणार का छापली. मग सांगावं लागणार, या मोसमात आम्ही अठराशे म्हणून दुसरंच काहीतरी पळवत होतो. जे हरले ते सगळे उद्या या दारात. मोसम संपायला पाच आठवडे राहिलेत. अठराशेची एकही शर्यत मी आता लावत नाही. मोसम संपला की खुंटी गुपचूप मागं घेऊ. झालं."

"पण ती घोडी, साहेब—"

"घोडी मालकाची आहे. तुम्ही कशाला हातपाय गाळताय? आणि हे बघा, बाहेर यातलं अवाक्षर काढायचं नाही. नोकरीचं म्हणून नाही सांगत, माणूस म्हणून सांगतो."

मास्तर जिन्याखाली येऊन बसले. तीन कपाटं भरून आपण इतकी वर्षं नुसते कागदी घोडे नाचवले, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, तेवढंच केलं असतं तर बरं होतं. आपण तर खऱ्या घोडीच्या पायात पाय घातला.

तोंड बंद ठेवणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रेनरकडं गेले. ट्रेनर वाळूच्या रिंगणात घोडी फिरवून घेत होता. मास्तरांचं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"मला काय ठाऊक नाही? रोज सकाळी मी तिच्या नाकपुड्या बघतो. आकडा बरोबर असता तरी मी तिला चोवीसशेला घातली नसती. पण फरशीवाल्यांची सात जनावरं माझ्याकडं आहेत, मास्तर. नाही म्हटलं तर उद्या सातही दुसऱ्याच्या तबेल्यात. मालकाला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात ते. तुमच्याच आकड्यावर तर उड्या मारताहेत."

फरशीवाल्यांनी मास्तरांना कारखान्याच्या कचेरीत बसवलं, चहा मागवला. मशीनच्या घरघरीत एकेक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. मास्तरांनी खुंटीचं सांगितलं, सव्वीस मीटरचं सांगितलं, ऐंशीचं सांगितलं. फरशीवाले हसत होते.

"मास्तर, तुम्ही फार साधे आहात. एवढं मोठं काम केलंत आणि आता घाबरलात. होतं असं. माझं पहिलं भट्टीचं काम झालं तेव्हा मीही तीन रात्री झोपलो नव्हतो."

"नाही हो, मी घाबरून नाही सांगत. आकडा खरंच चुकलाय."

"मग क्लबनं दुरुस्ती का नाही छापली?"

याला मास्तरांकडं उत्तर होतं, पण त्यासाठी साहेबांचं बंद दाराआडचं बोलणं उघड करावं लागलं असतं, ते त्यांना जमेना. फरशीवाल्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"हे बघा," ते म्हणाले, "मोठ्या शर्यतीत दुसरं एक घोडं आहे, त्याचे मालक क्लबच्या कमिटीवर आहेत. मला सगळं कळतं. तुम्हाला कोणी पढवून पाठवलं असेल तर त्यांना जाऊन सांगा, की मी त्यांचं काही घोडं मारलेलं नाही आणि माझी घोडी मागं घेणार नाही. चहा घ्या. निवतोय."

मास्तरांनी तो चहा घेतला. नाही म्हणायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. भाऊजी दाराच्या पायरीवर बसून पायांना तेल चोळत होते. अक्का ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," भाऊजी म्हणाले.

"हो, भाऊजी."

"मग तेव्हा तुझ्या कागदापुढं मी कशाला मान डोलावली?" ते स्वतःलाच विचारत होते. "अर्धा तास धापत होती. माझ्या हातात दोरी होती."

"आता काहीतरी करा ना," अक्का म्हणाली. "ती लंगडतेय म्हणून सांगा. पोट दुखतंय म्हणा."

"डॉक्टर येऊन बघतो, अक्का," मास्तर म्हणाले.

"आणि मग मला हाकलतात, आणि घोडीला पळवतात दुसऱ्याच्या हातून," भाऊजी म्हणाले. "निदान आहे तोवर माझ्या हातात राहू दे."

मोठ्या शर्यतीच्या दिवशी स्टँड तुडुंब भरला होता. मास्तर नेहमीप्रमाणे वर, वेळ घेणाऱ्यांच्या खोलीत घड्याळ घेऊन उभे होते. तिथून पॅडॉक, म्हणजे शर्यतीआधी घोडी फिरवायचं आवार, दिसत होता. काजळीला घेऊन भाऊजी गोल फिरत होते, त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. बाकीच्या उंच, लांब पायांच्या घोड्यांत काजळी म्हणजे मोठ्यांच्या वर्गात चुकून बसलेल्या पोरीसारखी दिसत होती.

गेट उघडलं आणि ती सवयीप्रमाणे सुटली. जॉकीनं तिला आवरायचा प्रयत्न केला, पण तिला फक्त एकच गोष्ट माहीत होती. पहिल्या हजार मीटरला ती चार लांब्या पुढं होती. स्टँडमध्ये फरशीवाले उभे राहून ओरडत होते. बाराशेला तीन लांब्या. सोळाशेपाशी तिनं मान वर केली. मास्तरांना ते दुर्बिणीशिवाय दिसलं. त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण घड्याळ त्यांच्या हातात होतं आणि वेळ घ्यायचीच होती.

वळणावर दोन घोडी तिच्या अंगावर आली आणि पुढं गेली. आता ती ढेपाळणार, सगळ्यांच्या मागं पडणार, आणि पडलेलीच बरी, असं मास्तरांच्या मनात आलं. पण ती पडली नाही. मान वर, कान मागं, पाय कसेही टाकत ती त्या दोघांच्या मागं चिकटून राहिली. शेवटच्या शंभर मीटरांत चौथं घोडं तिच्या बरोबरीला आलं तर तिनं त्यालाही पुढं जाऊ दिलं नाही. तिसरी आली. अर्ध्या लांबीनं, पण तिसरी.

मास्तरांनी बटण दाबलं. वेळ कागदावर उतरवली, कोष्टकात बसवली. अठ्ठ्याऐंशी आले. हे अंतर त्यांनी स्वतः चाकानं मोजलेलं होतं. त्यात खोट नव्हती. पण ऐंशीच्या घोडीला अठ्ठ्याऐंशी कुठून आले, हे त्यांच्या कुठल्याच कागदात बसत नव्हतं.

ते खाली धावत गेले तेव्हा भाऊजी काजळीची उजवी नाकपुडी आपल्या बाहीनं पुसत होते. धुतलेल्या बाहीवर रक्ताची बारीक रेघ होती. घोडीचे चारही पाय थरथरत होते. भाऊजींनी मास्तरांकडं बघितलं नाही.

फरशीवाल्यांनी मात्र त्यांना गर्दीत गाठून मिठी मारली. "ऐंशी म्हणत होते! ऐंशी!" ते आजूबाजूच्यांना सांगत होते. "बघा, एवढा विनयी माणूस मी पाहिला नाही. ब्याण्णव म्हणजे ब्याण्णवच! जरा कमी असतं अंतर, तर पहिलीच होती." सेक्रेटरीसाहेबही येऊन पाठीवर हात ठेवून गेले. जाता जाता कानाशी म्हणाले, "बघितलंत? उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

त्यानंतर पाढेमास्तरांचं कोष्टक म्हणजे ब्रह्मवाक्य झालं. वजन ठरवणारा अधिकारी, जो आजवर त्यांच्याकडं बघून नाक मुरडायचा, तो आता पुस्तिका उघडूनच कोणावर किती वजन हे लिहायला लागला. आकडा मोठा असलेल्या घोड्यावर वजन जास्त, हा नियम. सतरा दिवसांनी दोन हजार मीटरची शर्यत होती, तिच्यात काजळीवर साठ किलो चढवले. ब्याण्णवची घोडी ना! डॉक्टरनं महिनाभर विश्रांती सांगितली होती, पण फरशीवाले म्हणाले, रक्त तर कधीच थांबलंय आणि चंदी व्यवस्थित खातेय. चंदी ती खात नव्हती. भाऊजी मुठीमुठीनं भरवत होते.

मास्तरांनी त्या अधिकाऱ्याला लेखी कळवलं की ब्याण्णव हा आकडा धरू नये, ऐंशी धरावा. त्यानं कागद परत पाठवला. वर लिहिलं होतं, कारण नमूद करावे. मास्तरांनी कारण नमूद केलं. तो कागद सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथंच राहिला. मास्तर दोनदा विचारायला गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा बाहेर.

दोन हजारला काजळी पाचवी आली. पुढच्या शर्यतीत सातवी, आणि त्याच शर्यतीत शेवटच्या वळणावर तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर गेली. ती पडली नाही. तीन पायांवर उभी राहिली आणि भाऊजी कुंपणाखालून वाकून धावत तिच्यापाशी पोचेपर्यंत तशीच राहिली. डॉक्टर म्हणाला, जिवाला धोका नाही, पण पळणं संपलं.

आठवड्यानं सकाळी एक ट्रक आला. फरशीवाले स्वतः आले नाहीत. त्यांच्या माणसाबरोबर निरोप होता, की घोडीला कुठंतरी मोकळ्या हवेत पाठवताहेत. कुठं, ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. ट्रकवाल्याला ठाऊक होतं, पण तो म्हणाला, मला फक्त पुढच्या नाक्यापर्यंत जायचंय, तिथून दुसरी गाडी. भाऊजींनी पट्टी बांधलेला पाय फळीवर कसा टाकायचा ते हातानं धरून दाखवलं. घोडी चढली. मास्तर जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभे होते. खरं तर त्यांना जवळ जायचं होतं, पण काय तोंडानं जावं ते कळेना.

मोसम संपला. ट्रॅक्टरवाल्यानं एका दुपारी लाल खुंटी उपटून सव्वीस मीटर मागं ठोकली. वर्षाची पुस्तिका निघाली. तिच्या शेवटच्या पानावर प्रत्येक अंतराचे सर्वांत मोठे आकडे होते. अठराशेच्या खान्यात काजळीचं ते लांबलचक छापील नाव आणि पुढं ब्याण्णव. मास्तरांनी छपाईला दिलेल्या कागदावर ती ओळ खोडली होती. कोणीतरी ती परत लिहिली होती, सुवाच्य अक्षरात.

भाऊजींना दुसरं घोडं मिळालं होतं, तांबूस रंगाचं. ते त्याला नुसतं तांबडं म्हणत. घरी आता घोड्यांबद्दल कोणी बोलत नसे. अक्का पाणी किती वाजता येतं, कोणाच्या मुलीचं कुठं ठरलं, असलं काहीबाही बोलत राहायची आणि हे दोघं मान हलवायचे.

एका संध्याकाळी ताटावर बसल्यावर भाऊजी एकदम म्हणाले, "मास्तर, ती तिसरी आली, तेव्हा किती आकडा होता?"

भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा आकडा विचारला होता.

"अठ्ठ्याऐंशी."

"आणि ते अंतर बरोबर होतं ना? तिथं खुंटी-बिंटीची भानगड नव्हती ना?"

"नव्हती. मी स्वतः मोजलंय ते."

"म्हणजे तेवढं ती खरंच पळाली."

"पळाली, भाऊजी. पण..." मास्तरांना सांगायचं होतं, की तो आकडा नुसत्या वेळेचा आहे, त्यात नाकातलं रक्त धरलेलं नाही, थरथरणारे पाय धरलेले नाहीत. मी ब्याण्णव लिहिलं नसतं, तर ती आजही हजार मीटरला सगळ्यांच्या पुढं सुटली असती. हे सगळं त्यांच्या ओठांवर होतं. भाऊजींच्या तोंडाकडं बघून ते बोलवेना.

"मला लिहून दे तेवढं," भाऊजी म्हणाले. "कागदावर. तिचं नाव घाल. छापील नको, काजळी असंच लिही. आणि आकडा."

अक्कानं शिधापत्रिकेमागची पेन्सिल आणून दिली. मास्तरांनी खिशातला एक कागद फाडला, त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि पुढं केला. भाऊजींनी हात पुसून तो घेतला, दिव्याकडं धरून बराच वेळ पाहिला.

"मोठा आहे का रे हा? त्या उंच घोड्यांच्या मानानं?"

"मोठा आहे," मास्तर म्हणाले.

भाऊजींनी कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. मग ताट पुढं ओढलं.